इंग्रजीतील फसवे नकारार्थी उपसर्ग : प्रस्तावना

इंग्रजी शब्दाच्या आधी ‘अन’, ‘इन’, ‘डिस’, ‘डी’ किंवा ‘नॉन’ लागला की अर्थ उलटतो, असा नियम शाळेत शिकवला जातो. हॅपीचे अनहॅपी, करेक्टचे इनकरेक्ट, ऑनेस्टचे डिसऑनेस्ट. बहुसंख्य शब्दांना हा नियम लागू पडतो, आणि म्हणूनच जिथे तो लागू पडत नाही तिथे शिकणारा हमखास फसतो. इन्फ्लेमेबल पदार्थ चटकन पेट घेतो. इन्व्हॅल्युएबल वस्तू कवडीमोल नसते, अमूल्य असते. इन्फमस माणूस अप्रसिद्ध नसतो. तो सर्वांना ठाऊक असतो, पण वाईट कारणांसाठी. लूज आणि अनलूज या दोन्ही क्रियापदांचा अर्थ सैल करणे, सोडणे असाच होतो. रिगार्डलेस या शब्दात नकार आधीच असताना त्याला आणखी एक नकार जोडून इररिगार्डलेस बनतो आणि अर्थ तोच राहतो.

असे शब्द चुकीचे किंवा अडाणीपणाचे मानून बाजूला सारण्याची प्रथा जुनी आहे. पण त्यांचा इतिहास पाहिला तर त्यांतले थोडेच खरोखर चुकीचे ठरतात. बाकीच्या प्रत्येकाला स्वतःचे कारण आहे. उणीव असते ती उपसर्ग म्हणजे निव्वळ वजाबाकीचे चिन्ह असे मानणाऱ्या नियमात. या शब्दांचे चार गट पडतात: ज्यांतला उपसर्ग मुळात नकाराचा नाहीच असे, ज्यांत नकार आहे पण तो अपेक्षित जागी लागत नाही असे, ज्यांत उपसर्ग मूळ शब्दाच्याच अर्थाला बळ देतो असे, आणि वापराच्या ओघात ज्यांचा अर्थ सरकला असे. त्यांखेरीज ज्यांना होकारार्थी जोडीदारच उरलेला नाही असे काही शब्द आहेत. त्यांचा विचार शेवटी केला आहे.

उपसर्गांची घराणी

इंग्रजीतले नकारार्थी उपसर्ग एका घरातले नाहीत. विशेषणांना लागणारा ‘अन’ हा मूळ जर्मानिक उपसर्ग असून संस्कृतातल्या ‘अ’ आणि ‘अन्’ यांचा तो सख्खा नातलग आहे. ‘अज्ञात’ आणि ‘अननोन’ या शब्दांत तर उपसर्गच नव्हे, धातूही एकाच मूळ स्रोतातून आलेला आहे. ग्रीक ‘अ’ आणि लॅटिनमधला नकारार्थी ‘इन’ हेही त्याच कुळातले.

पण इंग्रजीत दुसराही एक ‘अन’ आहे. तो क्रियापदांना लागतो आणि झालेली क्रिया उलगडतो: टाय म्हणजे बांधणे, अनटाय म्हणजे बांधलेले सोडणे, लॉक आणि अनलॉक. हा उपसर्ग जर्मनमधल्या ‘एन्ट’चा भाऊबंद आहे आणि त्याचा पहिल्या ‘अन’शी मुळात संबंध नाही. उच्चार आणि लेखन सारखे झाल्यामुळे दोघे एकच वाटतात.

लॅटिनमध्येही असेच घडले. तिथे एक ‘इन’ नकाराचा, तर दुसरा ‘आत’, ‘वर’, ‘कडे’ असा अर्थ देणारा. पुढच्या वर्णाप्रमाणे दोन्हींची रूपे सारखीच बदलतात. नकाराच्या ‘इन’पासून इल्लीगल, इम्पॉसिबल, इर्रेग्युलर तयार झाले, दिशावाचक ‘इन’पासून इल्युमिनेट, इम्पोर्ट, इरिगेट. शेताला पाणी देणे या अर्थाच्या इरिगेटमध्ये कोणी नकार शोधत नाही, कारण ‘रिगेट’ असा शब्द इंग्रजीत नाही. खुद्द लॅटिन भाषकांपुढेही ही अडचण होती. ‘इन्फेक्टुस’ या एकाच रूपाचा अर्थ ‘रंगवलेले, डागाळलेले’ असाही होत असे आणि ‘न केलेले’ असाही.

‘डिस’ हा लॅटिन उपसर्ग मुळात ‘वेगळे’, ‘दूर’, ‘विखरून’ या अर्थाचा आहे. वेगळे होण्यातून विरोधाचा अर्थ आला, म्हणून तो नकारार्थी झाला. ‘डी’चा मूळ अर्थ ‘खाली’ किंवा ‘दूर’. पण लॅटिनमध्येच तो ‘पुरतेपणी’ या अर्थानेही वापरला जाई. ‘नॉन’ मात्र सरळ ‘नाही’.

नकाराला एकाहून अधिक अर्थ असतात, हे संस्कृत वैयाकरणांनी फार पूर्वी नोंदवून ठेवले आहे. परंपरेने नञ् म्हणजे ‘अ’ किंवा ‘अन्’ या नकाराचे सहा अर्थ मानले आहेत: सादृश्य, अभाव, अन्यत्व, अल्पता, अप्राशस्त्य आणि विरोध. ‘अधर्म’ हा धर्माचा विरोध. ‘अकाली मृत्यू’ म्हणताना काळाचा अभाव अभिप्रेत नसतो, काळ अयोग्य असल्याचे सांगायचे असते. इंग्रजीतल्या फसव्या शब्दांकडे पाहताना ही सहा अर्थांची चौकट शाळेतल्या विरुद्धार्थी शब्दांच्या तक्त्यापेक्षा कितीतरी अधिक उपयोगी पडते.

नकार नसलेला ‘इन’

पहिल्या गटाचा अग्रणी शब्द इन्फ्लेमेबल. लॅटिन ‘इन्फ्लामारे’ म्हणजे पेटवणे, आगीत घालणे. त्यातला ‘इन’ दिशावाचक आहे. इन्फ्लेम, इन्फ्लमेशन, इन्फ्लॅमेटरी हे सगळे त्याच मुळाचे असून त्यांच्याबद्दल कोणाचा गोंधळ होत नाही. इन्फ्लेमेबलच्या बाबतीत मात्र ‘एबल’ या प्रत्ययाने घात केला. इन्क्युरेबल, इन्एव्हिटेबल, इन्क्रेडिबल अशा शब्दांची सवय झालेल्या वाचकाला इन्फ्लेमेबल म्हणजे ‘न पेटणारे’ असे वाटणे साहजिक आहे.

फ्लेमेबल हा शब्द 1813 पासून नोंदलेला आढळतो, पण शतकभर तो फारसा प्रचारात नव्हता. त्याला बळ दिले ते अग्निसुरक्षेच्या क्षेत्राने. 1920 च्या दशकात अमेरिकेतल्या नॅशनल फायर प्रोटेक्शन असोसिएशनने इन्फ्लेमेबलऐवजी फ्लेमेबल वापरण्याचा आग्रह धरला. ब्रिटिश स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशनने 1959 मध्ये तोच मार्ग स्वीकारला. पिंपावरचा किंवा टँकरवरचा इशारा वाचणाऱ्याने क्षणभरही उलटा अर्थ घेतला तर त्याची किंमत जिवाने मोजावी लागेल, हा त्यामागचा विचार. आज धोकादायक मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात फ्लेमेबल हाच शब्द आहे आणि न पेटणाऱ्या पदार्थासाठी नॉनफ्लेमेबल.

भारतात जुना शब्द कायद्यात टिकून राहिला. 1934 च्या पेट्रोलियम कायद्यातल्या पेट्रोलियमच्या व्याख्येत इन्फ्लेमेबल आहे, आणि 1952 च्या एका केंद्रीय कायद्याचे नावच इन्फ्लेमेबल सबस्टन्सेस अ‍ॅक्ट असे आहे. इंधनाच्या टँकरच्या पाठीवर ‘हायली इन्फ्लेमेबल’ अशी अक्षरे महाराष्ट्रातल्या महामार्गांवर आजही दिसतात. फ्रेंचमध्ये तर ‘इन्फ्लामाब्ल’ हाच ज्वलनशीलसाठीचा रूढ शब्द आहे, आणि न पेटणाऱ्यासाठी त्यालाच आणखी एक ‘इन’ लावतात.

इनहॅबिटेबल या शब्दाची कथा याहून गुंतागुंतीची. आज त्याचा अर्थ ‘राहण्याजोगे’, कारण तो इनहॅबिट या क्रियापदापासून आला असे मानले जाते. पूर्वी मात्र लॅटिनमधल्या नकारार्थी रूपावरून आलेला, ‘राहण्यास अयोग्य’ अशा अर्थाचा इनहॅबिटेबलही इंग्रजीत होता. शेक्सपिअरच्या ‘रिचर्ड द सेकंड’ या नाटकात तो त्याच अर्थाने येतो. एका रूपात दोन परस्परविरोधी अर्थ फार काळ नांदू शकले नाहीत. नकारार्थी इनहॅबिटेबल मागे पडला आणि त्या अर्थासाठी अनइनहॅबिटेबल रूढ झाला. त्यात ‘अन’ आणि ‘इन’ शेजारी शेजारी आहेत, पण नकार एकच आहे.

इन्जीनियस म्हणजे कल्पक आणि इन्जेन्युअस म्हणजे निष्कपट, भोळा. दोन्हींतला ‘इन’ ‘अंगात जन्मजात असलेले’ असे सुचवतो. त्यांची गल्लत इतकी जुनी आहे की कल्पकता या अर्थाचा इन्जेन्युइटी हा शब्द घडणीने इन्जेन्युअसच्या घरातला असूनही अर्थाने इन्जीनियसकडे गेला.

नकार आहे, पण वेगळ्या जागी

दुसऱ्या गटातल्या शब्दांत नकार खराच असतो. तो नेमके काय नाकारतो एवढेच पाहावे लागते. इन्व्हॅल्युएबल म्हणजे ‘ज्याचे मोल करता येत नाही असे’. नकार मोल ठरवण्याच्या शक्यतेला आहे, मोलाला नाही. मराठी वाचकाला हे समजणे अवघड जाऊ नये, कारण ‘अमूल्य’ आणि ‘अनमोल’ हे शब्द याच रीतीने बनले आहेत. संस्कृतातला ‘अनुत्तम’ याहून धारदार उदाहरण आहे. वरवर पाहता ‘उत्तम नसलेले’, पण भगवद्गीतेच्या सातव्या अध्यायात परमगतीला हेच विशेषण लावले आहे. ज्याहून उत्तम काही नाही ते अनुत्तम, असा हा बहुव्रीहीचा विग्रह. प्राइसलेस या इंग्रजी शब्दाची रीतही तीच. वर्थलेसची मात्र नाही. म्हणून प्राइसलेस दागिना तिजोरीत ठेवतात आणि वर्थलेस कागद टोपलीत टाकतात.

इन्फमस हे अप्राशस्त्याचे उदाहरण. लॅटिन ‘फामा’ म्हणजे लोकांतली बोलवा, कीर्ती. ‘इन्फामिस’ म्हणजे जिची कीर्ती वाईट आहे अशी व्यक्ती. रोमन कायद्यात ‘इन्फामिया’ ही नागरी प्रतिष्ठा व काही हक्क गमावल्याची औपचारिक अवस्था होती. त्यामुळे इन्फमसला मराठीत ‘अप्रसिद्ध’ म्हणणे चूक. ‘कुप्रसिद्ध’ हाच त्याचा नेमका प्रतिशब्द. इंग्रजीत अलीकडे ‘फार प्रसिद्ध’ एवढ्याच अर्थाने इन्फमस वापरलेला दिसतो. सन्मान करण्याच्या हेतूने तो वापरला तर परिणाम उलटा होतो.

नकाराऐवजी जोर

तिसरा गट सर्वांत अधिक वादाचा. सॅम्युअल जॉन्सनने 1755 मध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रकाशित केला तेव्हा या गटातल्या शब्दांवर त्याने कडक शेरे मारले. अनलूजबद्दल त्याचे म्हणणे असे की उपसर्ग नकाराचा असल्याने या शब्दाचा खरा अर्थ ‘बांधणे’ असा व्हायला हवा. रद्द करणे या अर्थाचा डिसअनल हा अनल शब्दाचा अर्थ न कळलेल्यांनी बनवला, असे त्याने लिहिले. तोडून वेगळे करणे या अर्थाच्या डिसेव्हरमध्ये ‘डिस’ने अर्थात काहीच फरक पडत नाही, म्हणून मोठ्या लेखकांचा आधार असूनही तो भाषेतून काढून टाकावा, अशी त्याची शिफारस होती.

जॉन्सनचा तर्क नियमाच्या दृष्टीने सुसंगत आहे, पण उपसर्गांच्या इतिहासाशी तो जुळत नाही. सेव्हर म्हणजेच वेगळे करणे, आणि ‘डिस’चा मूळ अर्थही वेगळेपणाचा. उपसर्ग इथे मूळ क्रियेच्याच दिशेने जोर लावतो. अनलूजमधला ‘अन’ सोडवण्याची क्रिया दर्शवतो, आणि सोडवणे हाच लूजचाही अर्थ. हे शब्द अडाण्यांचेही नव्हते. 1611 च्या किंग जेम्स बायबलमध्ये अनलूज आणि डिसअनल हे दोन्ही आहेत, आणि ते भाषांतर आपल्या काळातल्या मोठ्या विद्वानांनी केले होते.

डिसग्रंटल्ड म्हणजे असंतुष्ट, कुरकुरणारा. ग्रंटल हे ग्रंट म्हणजे घुरघुरणे याचे पुनरावृत्ती दाखवणारे जुने रूप. ‘डिस’ने त्याला जोर आला. अनरॅव्हल म्हणजे गुंता सोडवणे किंवा विणलेले उसवणे. एकट्या रॅव्हलचे दोन अर्थ होते: गुंतवणे आणि उसवणे. ‘अन’ लावल्याने त्यांतला दुसरा अर्थ पक्का झाला. मासळीतले काटे किंवा मांसातली हाडे काढणे याला इंग्रजीत बोन म्हणतात आणि डीबोनही म्हणतात. पोटातली आतडी काढणे याला पूर्वी एम्बॉवेल म्हणत, आज डिसएम्बॉवेल म्हणतात. या सगळ्यांत उपसर्ग शब्दाचा रोख अधिक स्पष्ट करतो.

मराठीलाही ही रीत अपरिचित नाही. ‘अचपळ’ म्हणजे चपळ नसलेला असे कोणी समजत नाही; अतिशय चपळ, चंचल असाच त्याचा अर्थ आहे, आणि समर्थ रामदासांच्या करुणाष्टकांत मनाला लावलेले हे विशेषण महाराष्ट्राच्या पाठांतरात आहे. ‘अघोर’ हे संस्कृतात ‘घोर नसलेला’ अशा सौम्य अर्थाचे शिवाचे नाव. मराठीत मात्र अघोर शिक्षा, अघोरी कृत्य यांत भयंकरपणाच व्यक्त होतो.

याच गटाच्या कडेवर इररिगार्डलेस उभा आहे. इररिस्पेक्टिव्ह आणि रिगार्डलेस यांच्या मिसळीतून तो बनला असावा. छापील नोंद अठराव्या शतकाच्या अखेरीपासून मिळते, तीही अमेरिकेत. मेरियम-वेबस्टरने 1934 च्या आपल्या मोठ्या कोशात त्याची नोंद केली, आणि आज त्यावर अप्रमाण असा शेरा आहे. कोशात शब्द आहे म्हणजे तो शिष्टसंमत आहे, असा समज अनेकांचा असतो. कोशाचे काम वापराची नोंद ठेवणे. शेरा वाचल्याशिवाय नोंदीचा अर्थ पुरा होत नाही. गोठलेला पदार्थ वितळू देणे यासाठी वापरला जाणारा अनथॉ हाही असाच. थॉ म्हणजेच वितळणे. त्याला ‘अन’ लावल्यास शब्दशः अर्थ गोठवणे असा होतो. मराठीत ‘विना परवानगीशिवाय’ असे ऐकू येते, त्याची जात हीच: ‘विना’ आणि ‘शिवाय’ या दोहोंपैकी एक पुरेसा असताना दोन्ही येतात.

दोन नकारांनी होकार होतो हा आग्रह इंग्रजीत तुलनेने नवा आहे. चौदाव्या शतकातल्या चॉसरच्या लेखनात एका वाक्यात दोन-तीन नकार येऊन नकार अधिक ठाम होतो. रॉबर्ट लाउथच्या अठराव्या शतकातल्या व्याकरणाने दोन नकार एकमेकांना खोडतात असा नियम मांडला, आणि तो शाळांतून रुजला. इररिगार्डलेसला आज अप्रमाण म्हटले जाते त्यामागे हाच नियम आहे.

सरकलेले अर्थ

चौथ्या गटात डिसइंटरेस्टेड आणि अनइंटरेस्टेड ही जोडी येते. आजच्या प्रमाण वापरात डिसइंटरेस्टेड म्हणजे निःपक्षपाती, ज्याचा स्वतःचा हितसंबंध गुंतलेला नाही असा. अनइंटरेस्टेड म्हणजे ज्याला रस नाही असा. सतराव्या शतकातल्या नोंदी पाहिल्या तर चित्र नेमके उलटे दिसते. डिसइंटरेस्टेड आधी ‘रस नसलेला’ या अर्थाने येतो आणि अनइंटरेस्टेड ‘निःपक्षपाती’ या अर्थाने. नंतर अर्थांची अदलाबदल झाली. या गोंधळाचे मूळ उपसर्गात नसून इंटरेस्ट या शब्दात आहे. त्याचा अर्थ हितसंबंध असाही होतो आणि गोडी असाही. हा भेद जपणे मात्र गरजेचे आहे. न्यायाधीश डिसइंटरेस्टेड असावा लागतो. तो अनइंटरेस्टेड असेल तर पक्षकारांचे नुकसान ठरलेले.

नॉनप्लस्ड हा शब्द लॅटिन ‘नॉन प्लुस’ म्हणजे ‘यापुढे काही नाही’ यावरून आला. पुढे बोलायला किंवा करायला काही सुचत नाही अशी अवस्था, म्हणून अर्थ ‘गोंधळलेला, निरुत्तर’. ‘नॉन’ पाहून अनेकांनी त्याचा अर्थ ‘अविचलित’ असा घेतला आणि अमेरिकेत तो अर्थ बराच पसरला. आज एकच वाक्य दोन वाचक परस्परविरुद्ध वाचू शकतात. अशा शब्दाला पर्याय वापरणे हेच शहाणपणाचे.

जोडीदार नसलेले शब्द

काही नकारार्थी शब्दांचे होकारार्थी रूप लुप्त झाले आहे किंवा कधी नव्हतेच. अनकेम्प्ट म्हणजे विस्कटलेला. केम्प्ट म्हणजे विंचरलेला, पण तो आज क्वचितच दिसतो. अनकूथ म्हणजे असंस्कृत. त्यातल्या कूथचा मूळ अर्थ ‘माहीत असलेला’. डिशेव्हल्डमध्ये केसासाठीचा जुना फ्रेंच शब्द दडला आहे, आणि ‘शेव्हल्ड’ असा शब्द इंग्रजीत नाही. मराठीत ‘बेचिराख’ आणि ‘बेफाम’ असेच आहेत. चिराग म्हणजे दिवा आणि फहम म्हणजे समज हे त्यांतले फारसी शब्द मराठीत स्वतंत्रपणे त्या रूपांत नांदत नाहीत.

जोडीदार नसेल तर भाषक कधी कधी तो तयार करतात. पी. जी. वुडहाउसने 1938 च्या ‘द कोड ऑफ द वूस्टर्स’ या कादंबरीत डिसग्रंटल्डपासून विनोदाने ग्रंटल्ड बनवला, आणि तो कोशांत पोहोचला. संस्कृतात हेच गांभीर्याने घडले. ‘असुर’ या शब्दातला ‘अ’ मुळात नकाराचा नाही, पण तो तसा समजला गेला आणि देव या अर्थाने ‘सुर’ हा शब्द निघाला. ‘विधवा’ या शब्दाची ‘वि’ आणि ‘धवा’ अशी फोड करून पती या अर्थाचा ‘धव’ असाच तयार झाला. एका काळची चुकीची फोड पुढच्या काळात प्रतिष्ठित शब्द देऊन जाते, याचे याहून ठळक पुरावे थोडेच.

चूक का होते आणि निवड कशी करावी

नकार समजून घेणे मनाला होकारापेक्षा जड जाते, हे ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ पीटर वेसन यांच्या प्रयोगांतून दिसून आले. वेसन आणि शुली राइक यांनी 1979 च्या आपल्या निबंधात असेही दाखवले की एका वाक्यात अनेक नकार आले तर वाचक ते मोजत नाही. परिस्थितीवरून जो अर्थ संभवतो तोच अर्थ वाक्यात आहे असे धरून चालतो. एखाद्याचे कर्तृत्व फार मोठे आहे हे सांगताना ‘इम्पॉसिबल टु अंडरएस्टिमेट’ असे लिहिले जाते. शब्दशः अर्थ असा होतो की ते कितीही कमी लेखले तरी ते त्याहून अधिक नाही. लिहिणाऱ्याच्या आणि वाचणाऱ्याच्या हे लक्षातही येत नाही. इररिगार्डलेस बोलणाऱ्याचे मनही असेच काम करते. नकार हवा आहे एवढे त्याला ठाऊक असते, आणि तो एकदा आला आहे की दोनदा हे तपासले जात नाही.

निवड करताना तीन प्रश्न पुरतात. शब्दातला उपसर्ग कोणत्या घराण्यातला आहे? नकार असेल तर तो नेमके काय नाकारतो? आणि आजचा प्रमाण वापर त्या शब्दाला स्वीकारतो का? पहिले दोन प्रश्न अर्थ सांगतात, तिसरा वापर ठरवतो. अनरॅव्हल, डीबोन, डिसग्रंटल्ड, इन्व्हॅल्युएबल हे निःशंकपणे वापरावेत. अनलूज आणि डिसेव्हर शुद्ध आहेत, पण त्यांचा सूर जुना किंवा वाङ्मयीन आहे. रोजच्या लिखाणात लूसन आणि सेव्हर सोपे. डिसअनलऐवजी अनल, अनथॉऐवजी थॉ आणि इररिगार्डलेसऐवजी रिगार्डलेस लिहावे. इन्फमस फक्त दुष्कीर्तीसाठी राखावा. नॉनप्लस्डच्या जागी अर्थ उघड सांगणारा शब्द घ्यावा.

सुरक्षेच्या सूचनांना मात्र वेगळा निकष लावला पाहिजे. तिथे शब्दाची व्युत्पत्ती किती शुद्ध आहे याला महत्त्व नाही. घाईत, अपुऱ्या उजेडात, इंग्रजी जेमतेम येणाऱ्या माणसाने तो वाचला तर काय समजेल, हेच पाहायचे. इन्फ्लेमेबल व्युत्पत्तीने निर्दोष आहे, तरी पिंपावर आणि टँकरवर फ्लेमेबल लिहावे, आणि त्याच्या शेजारी ‘ज्वलनशील’ हा मराठी शब्द तितक्याच मोठ्या अक्षरांत असावा.